हात आत, पट्टा घट्ट

अमेरिकेतल्या युटा राज्यात, कोलोरॅडो नदीच्या काठी मोआब नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. भोवती लाल खडकांच्या भिंती, आणि आर्चेस व कॅन्यनलँड्स ही दोन राष्ट्रीय उद्यानं जवळच. गावाच्या मुख्य रस्त्यावर हॉटेलांच्या खालोखाल पाट्या दिसतात त्या एका वेगळ्याच गाडीच्या भाड्याच्या. या गाडीला काचा नसतात. दारं असली तर कमरेपर्यंतची, छत नावापुरतं. चाकं मात्र भलीथोरली, जाड नक्षीच्या रबराची, आणि बसणाऱ्यांभोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा. कंपन्यांच्या भाषेत ही यूटीव्ही. तिकडच्या बोलण्यात साइड-बाय-साइड, कारण चालक आणि सोबती शेजारीशेजारी बसतात. रस्ता संपतो तिथून पुढे जाण्यासाठी ती बनवलेली आहे.

डेन्व्हर, सॉल्ट लेक सिटी, अगदी बे एरियातूनही मराठी कुटुंबं लांबची सुटी काढून इकडे येतात. मुलांकडे मुक्कामाला आलेले आईवडीलही बरोबर असतात. कमानी पाहून होतात, फोटो निघतात आणि रात्री जेवताना कुणीतरी म्हणतं, ‘उद्या ती उघडी गाडी घेऊ या का?’ जरूर घ्यावी. त्या खडकांवरून जाण्याचा अनुभव खरोखर थोर आहे. पण या प्रश्नाच्या आणि सकाळी गाडीत बसण्याच्या मध्ये बहुतेकांची तयारी एवढीच असते: टोपी, गॉगल आणि चार्ज केलेला फोन.

मी भाचीच्या कुटुंबाबरोबर डेन्व्हरहून साडेतीनशे मैल गेले, ती या गाडीवर लिहायचं ठरवूनच. तिथे जे पाहिलं, शिकवणाऱ्यांकडून जे ऐकलं, त्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे. या गाडीत पहिल्यांदा बसण्याची तयारी म्हणजे मोटारीच्या सवयी उतरवून ठेवण्याची तयारी. स्टिअरिंग आहे, दोन पेडल आहेत, सीटबेल्ट आहे. म्हणून आपण तिला मोटार समजतो. बहुतेक घात इथेच होतो.

ही गाडी मुळात शेतावरची. कावासाकीनं १९८८ मध्ये ‘म्यूल’ बाजारात आणली, ती चारा, कुंपणाचे खांब, अवजारं, पाण्याचे कॅन शेतात इकडून तिकडे न्यायला. पोलारिसची ‘रेंजर’ १९९८ मधली, तीही कामाचीच. मग २००३ मध्ये यामाहाची ‘ऱ्हायनो’ आली आणि लोकांच्या लक्षात आलं की या गाडीत मौजही आहे. २००७ मध्ये पोलारिसनं ‘आरझेडआर’ काढली, तेव्हापासून शर्यत लागली ती ताकदीची आणि वेगाची. आज दोनशे अश्वशक्तीच्या पुढची इंजिनं असलेल्या यूटीव्ही मिळतात. शेतावर सावकाश चालणारं वाहन दोन दशकांत वाळवंटात उड्या मारू लागलं. चालवणारा माणूस मात्र तोच राहिला, रोज मोटारीनं कचेरीत जाणारा.

त्याची किंमत लोकांनी मोजली आहे. मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानं ऱ्हायनोबद्दल जाहीर निवेदन काढलं. पन्नासहून अधिक अपघातांची तपासणी झाली होती, त्यांत चालक आणि सोबती मिळून ४६ जण दगावले होते. दोन तृतीयांशांहून अधिक अपघात गाडी उलटण्याचे होते आणि अनेकांनी पट्टा लावलेला नव्हता. मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ केलं ते त्याच निवेदनातल्या पुढच्या निरीक्षणानं. उलटण्याच्या बऱ्याच घटना कड्यावर, दरीत झालेल्या नव्हत्या. गाडी बेताच्या वेगात होती, जमीन सपाट होती आणि चालकानं फक्त वळण घेतलं होतं. त्यानंतर कंपनीनं मागच्या चाकांना स्पेसर बसवून गाडीचा पाया रुंद केला, मागचा अँटी-स्वे बार काढून टाकला आणि दुरुस्ती होईपर्यंत ती मॉडेलं विकायची थांबवली.

सपाट जमिनीवर, सावकाश जाताना गाडी उलटते कशी? गाडी जमिनीपासून उंच, कारण पोटाखालून दगड जायला हवेत. रुंदीला ती बेताची, कारण झाडांमधून, खडकांच्या फटींतून शिरायला हवं. चाकांना वरखाली व्हायला हातभर मोकळीक, टायरात हवा कमी. आपल्या मोटारीत तीस-पस्तीस पौंड असते, इथे त्याच्या निम्म्याहून कमी. मागची दोन्ही चाकं बऱ्याचदा एकत्र जखडलेली असतात, म्हणजे वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जलद, ही मोटारीतली सोय इथे नसते. मातीत चाक थोडं घसरतं आणि हा ताण निघून जातो. डांबरावर किंवा कोरड्या खडकावर रबर घसरत नाही, चिकटून बसतं, आणि मग वरचा भार बाहेरच्या बाजूला झुकतो. म्हणूनच डांबरी रस्त्यावर ही गाडी चालवणं टाळा, असं या गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये बजावलेलं असतं. एअरबॅग नाही. धडकेचा आघात पोटात घेणारा मोटारीसारखा पुढचा सांगाडाही नाही. पिंजरा आणि पट्टा, संरक्षण म्हणून एवढंच. आणि पट्टा लावलेला असेल तरच पिंजऱ्याचा उपयोग, नाहीतर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि तोच पिंजरा त्याच्यावर येऊन पडतो.

युटानं १ जानेवारी २०२३ पासून ही वाहनं चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय कितीही असो, एक छोटा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. मोठ्यांसाठी तो ऑनलाइन आणि फुकट आहे. एकदा केला की पुरे. परराज्यातून आलेल्यांनाही तो चुकत नाही. आम्ही तो आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत केला. जावयानं लॅपटॉप भाचीकडे सरकवला.

‘तूच कर. मी वीस वर्षं गाडी चालवतोय.’

‘म्हणूनच तू आधी बस,’ भाची म्हणाली.

ती बरोबर होती. वीस वर्षं मोटार चालवलेल्या माणसाच्या हातापायांना जे आपोआप येतं, तेच इथे अडतं. मोटारीत आपण अंगठे स्टिअरिंगच्या आत घालून धरतो. इथे पुढचं चाक दगडावर आदळलं की स्टिअरिंग एकदम फिरतं आणि आत अडकलेला अंगठा मुरगळतो किंवा मोडतो. म्हणून अंगठे कडेवर, बोटांच्या बाजूला. मोटारीत खड्डा आला की आपण ब्रेक दाबतो आणि तो खड्ड्यात पोचेपर्यंत दाबूनच ठेवतो. इथे ब्रेक अडथळ्याच्या आधी लावायचा आणि अडथळ्यावर सोडायचा, नाहीतर पुढची चाकं दबून बसतात आणि गाडी नाक खुपसते. चढावर मधेच वाटलं की नको, परत फिरू, तर गाडी आडवी वळवायची नाही. थांबायचं, ब्रेक धरून ठेवायचा आणि आलो त्याच रेषेत मागे उतरायचं. चढावर गाडी आडवी झाली की उतारच तिला लोटून देतो.

घाटात गाडी चालवणाऱ्या आपल्या लोकांना एक जुना धडा ठाऊक असतो: ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा. इथेही तो लागू आहे, पण जरा निराळ्या रीतीनं. बहुतेक यूटीव्हींमध्ये दात्यांच्या गिअरऐवजी दोन पुल्या आणि त्यांच्यावर ताणलेला जाड रबरी पट्टा असतो. पुल्या रुंद-अरुंद होतात आणि वेग बदलतो. चालकाकडे ‘हाय’ आणि ‘लो’ एवढीच निवड. खडक, चढ, उतार आले की ‘लो’च. ‘हाय’मध्ये सावकाश चढवत राहिलं तर पट्टा पुलीवर घसरतो, तापतो, जळक्या रबराचा वास येऊ लागतो आणि शेवटी तुटतो. काही गाड्यांत उतारावर पाय पूर्ण उचलला की इंजिनची पकड सुटते आणि गाडी मोकळी धावू लागते. म्हणून उतरतानाही किंचित रेस धरून ठेवायची आणि ब्रेक हलका लावायचा. घाटात वाढलेल्या ड्रायव्हरला हे उलटं वाटेल. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी तिथल्या माणसाला विचारावं, ‘या गाडीत इंजिन ब्रेक आहे का?’

आता कपड्यांबद्दल. हे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या बायका तिकडे जशा फिरायला जातात तशाच या गाडीत बसायला येताना मी पाहिल्या.

ओढणी नको. कुर्ता चालेल, पण घेर कमी असलेला, आणि खाली पायघोळ काही नको. स्कार्फ हवा असेल तर गळ्याशी बसणारा, टोकं आत खोचलेली. मोकळे केस नकोत, लांब वेणीही आत. कानातले डूल हेल्मेटच्या आत टोचतात, ते हॉटेलातच ठेवावेत. काचेच्या बांगड्या काढाव्यात. चप्पल, सॅंडल नाहीतच. घोटा झाकणारे बूट हवेत, कारण पावलांजवळून दगड उडतात आणि पाय पक्का टेकवावा लागतो. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायजमा, उन्हासाठी आणि वाळूसाठी. चष्मा असेल तर त्यावरून बसणारे गॉगल मागून घ्यावेत. समोरच्या गाडीच्या धुळीत नुसता चष्मा पुरत नाही.

हेल्मेट युटात अठरा वर्षांखालच्यांना कायद्यानं सक्तीचं आहे. मोठ्यांना नाही, पण सगळ्यांनीच घालावं. ते डोक्यावर बसलंय का हे कसं पाहायचं? पट्टा लावून मान जोरात हलवायची. हेल्मेट डोक्याबरोबर फिरलं तर बरोबर. डोकं आत फिरलं आणि हेल्मेट जागेवर राहिलं तर ते मोठं आहे, बदलून मागायचं.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, ही वाळवंटातल्या उद्यानांची सूचना आहे. अर्ध्या दिवसाला निम्मं धरलं तरी ते आपल्या नेहमीच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त होतं. नाश्ता हलका. गाडी लागणाऱ्यांनी आधीच औषध घ्यावं. आणि साठीपुढच्या वाचकांनी हे मनावर घ्यावं: पाठीचा कणा, मानेचा स्पाँडिलायटिस, ठिसूळ झालेली हाडं यांतलं काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. दणका खालून सरळ मणक्यात येतो. गरोदर बाईनं बसूच नये. आईवडिलांसाठी काढलेल्या प्रवासी विम्यात ‘साहसी खेळ’ वगळलेले आहेत का, तेही एकदा वाचून घ्यावं. बऱ्याच पॉलिसींत ते वगळलेले असतात.

सकाळी भाड्याच्या दुकानामागच्या आवारात गाइड आमची वाट पाहत होती. चाळिशीची बाई, उन्हानं रापलेली, बोलणं हळू. आम्ही चौघं होतो: भाची, जावई, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि मी. बाईनं गाडीबद्दल काहीही सांगायच्या आधी पोरीला मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः खाली गुडघे टेकून तिचे पाय पाहिले.

पाठ सीटला टेकली होती. हात पुढच्या दांडीपर्यंत पोचत होते. पाय मात्र लोंबत होते. बाईनं सीट पुढे घेतली, पट्टा पुन्हा बांधला. आता पोरीचे चवडे टेकले, टाचा अधांतरी. बाईनं तिला जरा पुढे सरकायला सांगितलं. टाचा टेकल्या, पण पाठ सुटली. बाई उठून उभी राहिली आणि म्हणाली, आज नाही.

नियम साधा आहे आणि तो गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचाच आहे: पाठ सीटला, दोन्ही तळवे सपाट फरशीवर, हात दांडीवर, हे तिन्ही एकाच वेळी. वय, वजन यांचा संबंध नाही. तळवे टेकले नाहीत तर गाडी कलल्यावर मूल स्वतःला रोखू शकत नाही, पट्ट्याखालून घसरतं. जावई म्हणाला, आम्ही सावकाश जाऊ, मी तिला धरून बसतो. बाईनं विचारलं, मग स्वतःला कोण धरणार?

पोरगी रडली. ‘आजी, तू सांग ना तिला!’ असं मला म्हणाली. मी काय सांगणार? भाची तिच्याबरोबर मागे राहिली आणि दोघी नदीवर गेल्या. निघताना भाची मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘मावशी, बरं झालं तिनं नाही म्हटलं. मला म्हणता आलं नसतं.’ या वाक्यात आपल्या सगळ्यांच्या सहलींचं दुखणं आहे. पैसे भरलेले असतात, मूल हट्ट करतं, चारजण बघत असतात, आणि नाही म्हणायचं काम कुणीतरी दुसऱ्यानं करावं असं वाटतं. त्या बाईला गिऱ्हाईक गमावण्याची भीती वाटली नाही, याचा मला फार आदर वाटतो.

मग आम्हा दोघांची पाळी. पट्टे चार बाजूंनी येऊन पोटाशी जुळणारे होते. आधी कमरेचा, तो पोटावर नाही, खाली हाडांवर. तो घट्ट झाला की मग खांद्यांचे. पट्ट्याखाली तळहात सपाट सरकला तर चालेल, मूठ गेली तर सैल. मग तिनं आम्हाला डोळे मिटायला लावले आणि गाडीचा पिंजरा बाहेरून धरून गदागदा हलवला. ‘हात कुठे आहेत?’ माझा उजवा हात दाराबाहेर गेला होता.

तिला तेच दाखवायचं होतं. कलताना हात बाहेर टेकणं ही शरीराची जन्मजात खोड आहे. लहान मूल पडताना तेच करतं. पण रिकामी गाडीच सात-आठशे किलोंची, काही त्याहून जड. ती बाजूवर येते तेव्हा बाहेर काढलेल्या हातावर किंवा पायावर पिंजऱ्याची नळी येते. यूटीव्हीच्या अपघातांत हातांचा चेंदामेंदा होण्याचं हेच कारण. दाराच्या जागी जाळी लावतात ती याचसाठी. सोबत्याचे हात दांडीवर, चालकाचे स्टिअरिंगवर, पाय फरशीवर, आणि गाडी उलटली तरी ते तिथेच, गाडी पूर्ण थांबेपर्यंत. तिनं आम्हाला हे करायला लावलं, पुन्हा लावलं, शब्द न बोलता पिंजरा हलवून पुन्हा लावलं, हात आपणहून दांडीवर जाईपर्यंत. मोआबमधल्या सगळ्या सूचनांतली एकच लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

आम्ही गेलो ती वाट गावाच्या पूर्वेच्या सँड फ्लॅट्स भागातली. हा भाग काउंटी आणि केंद्राचं जमीन व्यवस्थापन खातं मिळून सांभाळतात. ‘हेल्स रिव्हेंज’, ‘फिन्स अँड थिंग्ज’ या नावाजलेल्या वाटा इथेच आहेत. नावांवरून दरारा वाटतो, पण वाट म्हणजे उघडा खडक आणि त्यावर रंगवलेल्या खुणा. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाळूच्या टेकड्यांचा अफाट प्रदेश होता. ती वाळू दबून, जुळून दगड झाली. तिला नवाहो वालुकाश्म म्हणतात. वाऱ्यानं वाळू जशी तिरपी रचली होती, ते थर आजही खडकात स्पष्ट दिसतात. टायरला हा दगड खरखरीत कागदासारखा लागतो, म्हणून उभ्या वाटणाऱ्या चढावरही गाडी सरळ चढते. पहिल्या चढाला समोर फक्त आकाश दिसलं आणि माझे हात दांडीवर इतके आवळले गेले की बोटं दुखायला लागली. गाडी तसूभरही घसरली नाही.

सोबत्याचं काम फक्त बसण्याचं नसतं, हे मला तिथे कळलं. चालकाचं लक्ष पुढच्या दहा फुटांवर असतं. सोबत्यानं त्याच्या पुढचं पाहायचं: समोरून येणारी गाडी, खुणा कुठे वळल्या, मागची गाडी दिसते का. बोलायचं ते ठरलेल्या शब्दांत. जावई आणि मी निघतानाच ठरवलं होतं, ‘थांब’ म्हणजे थांबायचं, का ते नंतर. आमची सवय बोलण्याची, ‘अहो, जरा बघा हं, तिकडे काहीतरी दिसतंय’ अशी. ते वाक्य पुरं होईतो गाडी वीस फूट पुढे गेलेली असते.

एका ठिकाणी बाईनं इंजिन बंद करायला सांगितलं आणि आम्हाला उतरवलं. खडकाच्या खोलगट भागात लाल माती साठली होती आणि तिच्यावर काळपट, खरबरीत, बोटभर उंचीच्या बुरजांसारखी साय धरली होती. ती जिवंत असते. नीलहरित जिवाणू, दगडफूल, शेवाळ यांचं ते जाळं. ते माती बांधून ठेवतं, पाणी मुरवतं, हवेतला नायट्रोजन मातीत आणतं. त्यावरून चाक गेलं की ते भुगा होतं, आणि पुन्हा धरायला दशकं लागतात, काही प्रकारांना त्याहून कितीतरी जास्त. शेजारी पाण्याचं एक डबकं होतं, वीतभर खोल. त्याच्या तळाशी परीकोळंबी या इवल्या जलचराची अंडी, डबकं आटलं तरी कोरड्या मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं टिकतात आणि पाऊस पडला की फुटतात. ते पाहताना मला आपले कातळसडे आठवले. सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळी डबक्यांत याच कुळातली कोळंबी सापडते, एका जातीचं तर शास्त्रीय नावच ‘सह्याद्रिएन्सिस’ असं आहे. आणि आपल्याकडेही फुलांच्या हंगामात लोक गाड्या थेट सड्यावर घालतात, कारण तिथे कुंपण नाही आणि जमीन ओसाड दिसते.

मोआबमधल्या बहुतेक वाटा मौजेसाठी पाडलेल्या नाहीत. १९५२ मध्ये चार्ली स्टीन या भूगर्भशास्त्रज्ञाला गावाच्या दक्षिणेला लिस्बन खोऱ्यात युरेनियमचा मोठा साठा सापडला. ती ‘मी विदा’ खाण. अणुबॉम्बच्या काळात अमेरिकेला युरेनियम हवंच होतं. खोदणारे झुंडीनं आले आणि बुलडोझरनं कड्यांवरून रस्ते काढत गेले. तेजी ओसरली, रस्ते राहिले. १९६७ मध्ये गावकऱ्यांनी त्याच रस्त्यांवर ईस्टरची जीप सफारी सुरू केली, ती आजही दरवर्षी भरते.

पण पाहुणे जितके वाढले तितकी गावाची झोप उडाली. यूटीव्हीचा आवाज जीपपेक्षा तीव्र असतो आणि युटात त्या गावातल्या रस्त्यांवरूनही धावू शकतात. २०२१ मध्ये मोआब आणि ग्रँड काउंटीनं आवाजाच्या मर्यादेचे कायदे केले, त्यावर खटले झाले. राष्ट्रीय उद्यानांत या गाड्यांना बंदीच आहे. २०२३ मध्ये जमीन व्यवस्थापन खात्यानं लॅबिरिंथ रिम्स आणि जेमिनी ब्रिजेस भागातले ३१७ मैलांचे मार्ग मोटारवाहनांना बंद केले. गाडीवाल्यांच्या संघटना चिडल्या. माझं मत गावकऱ्यांच्या बाजूनं आहे. पाहुण्यानं रस्त्यावरून सावकाश जावं, खुणांच्या बाहेर चाक टाकू नये, एवढं मागण्याचा त्यांना हक्क आहे, आणि हे शिकणं पहिल्या फेरीच्या तयारीतच यायला हवं.

या व्यवसायाशी मुंबईचाही धागा आहे. १९४७ मध्ये महिंद्रनं मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली. त्याच घराण्यातली गाडी २०१८ मध्ये ‘रॉक्सर’ नावानं अमेरिकेत साइड-बाय-साइड म्हणून विक्रीला आली, जोडणी मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्सला. पोलादी अंग, अडीच लिटरचं डिझेल इंजिन, अवघी ६२ अश्वशक्ती, वेग ताशी ४५ मैलांवर बांधलेला. इतरांच्या दोनशे अश्वशक्तीपुढे ही म्हणजे जुन्या वळणाची शेतावरची गाडी. जीपचं नाव ज्यांच्याकडे होतं त्या फियाट क्रायस्लरनं रूपाच्या नकलेची तक्रार केली. २०२० च्या जूनमध्ये निकाल महिंद्रच्या विरुद्ध गेला, आणि त्याच डिसेंबरात बदललेल्या रूपाची रॉक्सर विकायला मोकळीक मिळाली. नवशिक्याला पहिली गाडी कोणती, असं मला कुणी विचारलं तर मी अशीच सांगेन: कमी ताकदीची आणि वेग बांधलेली.

आपल्याकडे यूटीव्ही क्वचित दिसते. पण तिची चुलत बहीण, हँडलची चार चाकी एटीव्ही, कोकणच्या किनाऱ्यांवर आणि थंड हवेच्या ठिकाणी सर्रास भाड्यानं मिळते. तिला पट्टाही नाही आणि पिंजराही. बहुतेक गाड्या एकाच माणसासाठी बनवलेल्या असतात, ‘सोबती बसवू नका’ असं त्यांच्यावरच चिकटवलेलं असतं. त्यांच्यावर मी तिघं बसलेले पाहिले आहेत, पुढे टाकीवर मूल, पायांत चपला, डोकं उघडं, आणि वाळूत पोरं किल्ले करत असताना मधूनच भरधाव गाडी. शिकवायला माणसं नाहीत असंही नाही. इगतपुरीजवळ ऑफरोडिंग शिकवण्यासाठी महिंद्रनंच केंद्र उभारलं, जीपवाल्यांचे क्लब गावोगावी आहेत. अडतं ते गिऱ्हाईक काही विचारत नाही म्हणून.

तेव्हा या दिवाळीच्या सुटीत किनाऱ्यावर गेलात आणि मुलांनी गाडीचा हट्ट धरला, तर पैसे देण्याआधी मालकाला चार गोष्टी विचारा: ही किती माणसांची आहे, हेल्मेट कुठे आहे, चालवायला कोण शिकवणार, आणि गर्दीपासून वेगळी जागा कुठली. एकाचंही उत्तर मिळालं नाही तर गाडीवर बसू नका. आणि मुलाला पुढ्यात घेऊन तर कधीच बसू नका.